वरची अर्धी जागा

डाग अंगठ्याएवढा — डाव्या बाहीच्या काठावर, केळीच्या चिकाचा. सकाळी निर्मळ गावातून निघताना पाण्यासारखा होता, आता चांगला तपकिरी झालेला... तो आता कुडता फाटेपर्यंत सोबत करणार. हंसाने फाइल त्याच्यावर धरली आणि वसई पूर्वेच्या गाळ्यांच्या रांगेत, अल्पेशभाईंच्या खेळण्यांच्या कारखान्याबाहेर बाकावर बसून राहिली. मालवाहतूक कंपनीची सेल्सवाली वाडीतून थेट उठून आलीय असं दिसायला नको. आज तिसरी खेप. आजही नकार आला तर सोमवारपासून पुन्हा टेलिफोनवर, 'होल्ड करा हं' म्हणत. ऑफिसात बेसिल सरांनी हे फार गोड आवाजात सांगितलं होतं, आणि राग तिला त्या गोडव्याचाच आला होता.

दिवस खरं तर सकाळीच बिघडला. सायकलवर माल बांधायला बाबांनी हाक मारली. नोकरी लागल्यापासून ती टाळत होती, आज टाळता आलं नाही. खाली केळीचे घड, वर सोनचाफ्याची पाटी... दोर आवळता आवळता बाबांनी विचारलं, "पन तू तिथं विकतेस काय गं?"

"सर्व्हिस."

"म्हंजे?"

म्हणजे काय, बाबा? माल दुसऱ्याचा, रस्ता सरकारचा, ट्रक कंपनीचा — मी विकते तरी काय? तिने दोराची गाठ मारली. बाबांनी सायकल ढकलली, आणि तो प्रश्न दिवसभर टोचत राहिला.

"मॅडम, माझ्या खोक्यात खेळणी कमी, हवा जास्त," आत बोलावून अल्पेशभाई म्हणाले. "तुम्ही सगळे ट्रान्सपोर्टवाले जागा मोजून हवेचं भाडं लावता. रेट कमी करा, नाहीतर चहा पिऊन जा."

रेट तिच्या हातात नव्हता. चहा होता. कप उचलताना तिने खिडकीबाहेर पाहिलं — समोरच्या गाळ्यापुढे तिच्याच कंपनीचा इंदूरला जाणारा ट्रक, नटबोल्टच्या गोण्या जेमतेम गुडघ्यापर्यंत, तरी चाकं दबलेली. "वजन भरलं," हमाल ओरडला आणि ताडपत्री ओढू लागला. असे ट्रक तिने रोज पाहिले होते, रोज... आणि कधीच पाहिले नव्हते! गोण्यांच्या वर माणूसभर जागा, इंदूरपर्यंत मोकळी. लहानपणी तिने चाफ्याची पाटी घरीच ठेवली तेव्हा बाबा काय म्हणाले होते? जड खाली, हलकं वरती. वरची जागा मोकली नेलीस तर सायकल काय दुवा देनार हाय तुला?

"भाई, तो ट्रक आमचा आहे." स्वतःचाच आवाज तिला नवा वाटला. "वजनाने भरला, पण वरून अर्धा रिकामा. ती वरची जागा तुमच्या इंदूरच्या मालाला देते. खोकी गोण्यांवर राहतील, त्यांच्यावर काहीच नाही. नाहीतरी रिकामी जाते, म्हणून दर कमी."

तिथूनच तिने ऑफिसला फोन लावला. बेसिल सरांनी ट्रकचा नंबर विचारून घेतला. मग म्हणाले, "हो सांग त्यांना."

"एवढी सिंपल गोष्ट," अल्पेशभाई सही करत पुटपुटले, "आजपर्यंत कोणी बोललं कसं नाही?"

"त्यांच्या घरी केळी नसतील."

समजावत बसायची तिला गरज वाटली नाही.

बाहेर ऊन होतं. फाइल कधी उजव्या हातात आली, तिला कळलंही नाही; जागा किती ते दाखवताना डावा हात चांगला उंच गेला होता, डागासकट. दिसला असेल. दिसू दे. हायवेकडे जाताना एकेक ट्रक समोरून येत होता आणि ती प्रत्येकाची ताडपत्री कुठे खचलीय ते बघत होती — इथे हातभर, तिथे छातीएवढी... केवढी जागा, आणि सगळी माझी! तिला मोठ्याने हसावंसं वाटलं, आणि ती हसली.

संध्याकाळी बाबांना सांगायचं — मी मोकळी जागा विकते. ते हसतील का? की दोर गुंडाळत नुसतंच म्हणतील, मग त्यात नवं काय? तिने बाही खाली ओढली नाही. म्हणू देत. तेच ऐकायला आज तिला घरी लवकर जायचं होतं.