हातावरचं नाव

कल्याणची पेटी अकराव्या दिवशी सकाळी वाडीवर आली. रुमानियातून मुंबईला विमानानं आणि तिथून नगर, पाथर्डी करत अँब्युलन्सनं. फाट्यावर त्याचा फ्लेक्स आधीच लागला होता. दीड वर्षापूर्वी ‘परदेशगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन’ लिहून जो फोटो छापला होता, तोच आता ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ला कामी आला. गॉगलसुद्धा तोच. वाडीला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्याच्या आईचं, भागूबाईचं, एकच म्हणणं होतं. पोराच्या तोंडात आपल्या हातानं पाणी घालायचं. अकरा दिवस रडून ती आटून गेली होती. नुकसानभरपाई, आमदारांचा फोन, कशातच तिचं लक्ष नव्हतं. पाणी घालायचं, मग न्या त्याला कुठं न्यायचं ते. पण पेटीवर इंग्रजी कागद चिकटवलेला होता. कॉलेजात शिकणाऱ्या ज्योतीनं, कल्याणच्या धाकट्या बहिणीनं, तो वाचला.

“आये, पेटी उघडू नका म्हन्त्यात.”

“त्यांचं काय जातंय म्हनायला?” भागूबाई म्हणाली. “माजं लेकरू तान्हेलं जाईल. सहादेवला बोलवा.”

सहादेवचं फाट्यावर वेल्डिंगचं दुकान. लाकडी पेटीच्या आत पत्र्याची पेटी निघाली, चारी कडांनी डाग देऊन बंद केलेली. त्यानं ग्राइंडर लावला तशी बायाबापड्या मागं सरकल्या. भागूबाई हलली नाही.

कल्याण तिकडं बांधकामावर सळई बांधायचा. त्याआधी सात हंगाम त्यानं आईबापाबरोबर ऊस तोडला होता. कारखान्यावर कुणी नाव विचारत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. रुमानियातून पहिला फोन आला तेव्हा तो हसत म्हणाला होता, “आये, हितं समद्यांना एकच नाव हाय, इंडिया. साह्यब वरडला, ए इंडिया, तर आमी चौघंबी पळालो. त्यात एक नेपाळचा हुता, त्योबी पळाला.” भागूबाईलाही हसू आलं होतं. निदान हत्याराचं नाव सुटलं, देशाचं लागलं, असं तिला वाटलं होतं. बिचारीला त्यातला फरक मोठा वाटला.

मग एका पहाटे कामावर जाताना त्यांची गाडी उलटली आणि चौघांतले दोघं गेले. कल्याण आणि एक बिहारचा मुलगा. कंपनीच्या माणसानं पासपोर्टचे फोटो घेऊन दोघांची ओळख पटवली, शिक्के मारले, पेट्या रवाना केल्या.

पत्रा निघाला. औषधाचा वास अंगणभर पसरला. भागूबाई तांब्या घेऊन वाकली, आणि तशीच थांबली.

“वैनी, घाला पानी,” दीर भागवत मागून म्हणाला.

“ह्यो कल्याण न्हाई.”

बाईचं डोकं फिरलं, असंच सगळ्यांना वाटलं. भागवत पुढं आला, त्यानं बघितलं. सावळा रंग, बारीक मिशी, पंचविशीचं वय. “सुजलंय त्वांड,” तो म्हणाला. “अकरा दिस झालं, वैनी. मान्सात बदल व्हतो. तिकडच्या साह्यबानं तपासलंय, कागद हाय.”

“भवईवर खूण कुठं हाय? पाचटानं कापलेली? मी हळद भरली हुती.”

खूण नव्हती. तरी भागवत कागदाचंच बोलत राहिला. शेवटी कारभारीनं, कल्याणच्या बापानं, पोराचा हात हातात घेतला आणि बाही वर सारली. मनगटाच्या वर हिरवं गोंदण होतं, जत्रेत गोंदतात तसं. ठळक, मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं: रामसुमेर.

बालवाडीतल्या पोरानंसुद्धा वाचलं असतं. तिकडं ते कुणाला वाचता आलं नाही, हे समजू शकतं. पण दोन मेलेल्या माणसांत एकाच्या हातावर काहीतरी लिहिलंय, ते काय आहे, एवढं विचारायलाही कुणाला फुरसत नव्हती. अपघातातून बचावलेले दोघं दवाखान्यातच होते, त्यांना विचारता आलं असतं.

भागवतनं दोन पावलं मागं घेतली. “हा तर कुनी भैया हाय की,” तो म्हणाला, आणि धोतराला हात पुसले. मघापर्यंत तो त्याचा पुतण्या होता. आणलेला हार कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. रुमानियातल्या साहेबाला नावं ठेवायला वाडी मोकळी होती, पण हार उचलायला तिला त्याच्यापेक्षा जास्त वेळ लागला नाही.

कल्याणला तिकडं पाठवणाऱ्या मुंबईच्या एजंटला ज्योतीनं फोन लावला. त्यानं आधी नाही म्हटलं, मग थांबा म्हटलं, मग तास-दीड तासानं बिहारचा एक नंबर पाठवला आणि स्वतःचा फोन बंद केला. ज्योतीनं तो नंबर फिरवून स्पीकर लावला. रामसुमेरच्या भावानं उचलला. ज्योतीनं हातावरच्या नावाचं सांगितलं.

मग तो हळू बोलायला लागला. त्यांची पेटी तीन दिवसांपूर्वीच आली होती. त्यांनी अग्नी दिला होता, राखही नदीत सोडली होती. “बहनजी,” तो म्हणाला, “अम्मा आज पहिल्यांदा दोन घास जेवली. तिला कळलं तर ती राहायची नाही. हात जोडतो, भैयाचं तिथंच करा. आमच्याकडं काही पाठवू नका.”

म्हणजे कल्याण जळून गेला होता. दुसऱ्याच्या नावानं, दुसऱ्याच्या गावात, आणि वाहून गेला होता आईबापाला ठाऊक नसलेल्या नदीत. कारभारी भिंतीला टेकून खाली बसला. आता मागायचं काय आणि कुणाकडं? राखसुद्धा उरली नव्हती.

तेवढ्यात पलीकडून बाईचा आवाज आला, कौन है रे? भाऊ गडबडला. रामसुमेरसोबत जो गेला त्याच्या घरचे, असं काहीतरी म्हणाला. ती म्हणाली, दे मला. ज्योतीनं घाईघाईनं स्पीकर बंद केला, पण फोन तोडायचा तिला धीर झाला नाही. तिनं तो आईच्या कानाला लावला.

भागूबाईला हिंदी येत होती ती टीव्हीवरची. ती बाई बोलत होती आणि ही ऐकत होती. तुमचा मुलगा आणि माझा एका खोलीत राहायचे, ती म्हणाली. तुमचा लई हसवायचा, माझा फोनवर सांगायचा. माझ्या मुलाला सगळं गाव पोचवायला आलं होतं. चिता चांगली पेटली. धाकट्यानं अग्नी दिला. सांगता सांगता तिचा आवाज फुटला. ‘‘बहन, तुमने मुँह देखा?’’

‘‘देखा,’’ भागूबाई म्हणाली.

तू नशिबाची, ती बाई म्हणाली. आम्हाला पेटी उघडूच दिली नाही. पोलीस होते, कागद होता.

भागूबाईनं फोन कानावर दाबून धरला. ‘‘पानी?’’ तिनं विचारलं. ‘‘मुँह में पानी दिया क्या?’’

वरून दिलं, ती म्हणाली. पत्र्यावर गंगाजल ओतलं. आत कुठलं जाणार? सगळं खाली वाहून गेलं. आठवलं की झोप लागत नाही. तुझ्या मुलाच्या तोंडात गेलं ना?

भागूबाईनं पेटीकडं बघितलं. रामसुमेरचं तोंड कोरडं होतं, ओठांना चिरा पडल्या होत्या.

‘‘गया,’’ ती म्हणाली. फोन ज्योतीच्या हातात देऊन ती पेटीपाशी गेली.

जबडा आवळलेला होता. बोटानं ओठ जरा बाजूला करून तिनं थोडं थोडं पाणी सोडलं. बरंचसं गालावरून मानेत उतरलं, ते तिनं पदरानं टिपलं. रडू येईल असं तिला वाटत होतं, पण ह्या मुलासाठी ते आलं नाही. कल्याणसाठी रडायचं तर समोर कल्याण नव्हता. बाया तिच्या हंबरड्याची वाट बघत होत्या. ती उठली आणि भिंतीला टेकलेल्या कारभारीशेजारी जाऊन बसली.

कारभारीनं तिच्याकडं बघितलं नाही. “तिकडं आपल्या पोराला पानी घातलं का गं कुनी?” त्यानं विचारलं.

“न्हाई,” भागूबाई म्हणाली. “त्यांनी पेटी उघडली न्हाई.”