स्वीकारण्यास नकार

बेलिफांनी दार ठोठावायला मूठ उगारली होती, तेवढ्यात घरमालकाच्या कारभाऱ्याने मागून हात लांबवला आणि चौकटीवरचं एक काळं बटण दाबलं. घंटा वाजली नाही. दारावरच्या काचेत लाल दिवा दोनदा लुकलुकला, आतली शिवणयंत्राची खडखड थांबली आणि दार उघडलं.

"हा काय प्रकार आहे?" बेलिफांनी विचारलं.

"बाई ठार बहिरी आहे ना, साहेब. दिवा लागला की उठते." कारभाऱ्याची जीभ सैल सुटली होती. खोलीचा ताबा हातात आल्यातच जमा होता, कुलूपवाला नवं कुलूप घेऊन मागे उभा होता. "दार बडवत बसलात तर संध्याकाळ होईल."

बेलिफांची मूठ तशीच वर राहिली.

कोर्टात त्यांना सगळे शुक्लकाष्ठ म्हणत. ते ज्याच्या दारात जात त्याच्यामागे काहीतरी लागेच. समन्स, मनाई हुकूम, जप्तीचं वॉरंट. एकतीस वर्षं हेच कागद त्यांनी लोकांच्या हातात दिले होते. बाकीचे चहाच्या टपरीवर बसून 'घर बंद आढळले' असा शेरा मारून मोकळे होत. हे मात्र दुखऱ्या गुडघ्यांनिशी चार-चार मजले चढत. जागेवर न जाता आपण एक ओळ लिहिली नाही, याचा त्यांना कोण अभिमान! सहा महिन्यांनी निवृत्त होताना तेवढाच तर गाठीला राहणार होता.

आणि दीड वर्षापूर्वी याही दारात ते जातीने आले होते, समन्स घेऊन. तीनदा ठोठावलं, नाव घेऊन हाका मारल्या. आत यंत्र आपलं चालूच. हाच कारभारी शेजारी उभा होता. "ऐकताय ना? आत बसलीय आणि मुद्दाम उघडत नाही. माजलीय नुसती!" बेलिफांचं डोकं फिरलं होतं. कोर्टाच्या माणसाला दारात तिष्ठत ठेवते म्हणजे काय! त्यांनी समन्सची प्रत दाराला चिकटवली आणि रागारागाने लिहिलं, 'आतून यंत्राचा आवाज येत असूनही दार उघडले नाही. सबब स्वीकारण्यास नकार.' "तुम्ही व्हा पुढे, गोंद वाळेपर्यंत मी थांबतो," असंही हाच म्हणाला होता. बेलिफांना त्या वेळी तो भला माणूस वाटला होता.

"हे बटण कधीपासून आहे?"

"असेल की दहा-अकरा वर्षं."

"मग त्या दिवशी का नाही दाबलंस?"

कारभाऱ्याने क्षणभर इकडेतिकडे पाहिलं. "तुम्ही कुठे विचारलंत?"

बेलिफांचे हात शिवशिवले. एका बहिऱ्या बाईच्या दारावर त्यांना थाप मारायला लावली होती आणि हा बाजूला उभा राहून मजा बघत होता.

शिंपीणबाई गळ्यात टेप अडकवून तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. तिने बेलिफांच्या हातातला कागद घेतला, दोनदा वाचला. मग त्यांना आत बोलावून, कापड बेतायच्या काळ्या टेबलावर खडूने लिहिलं, 'एकतर्फी म्हणजे?'

बेलिफांनी खडू घेतला. 'दुसऱ्या बाजूचं न ऐकता दिलेला निकाल.'

'ताबा वॉरंट?'

'आज खोली सोडायची.'

तिने खडू हिसकावून घेतला. 'माझं म्हणणं का नाही घेतलं?'

'कोर्टाने बोलावलं होतं. तुम्ही समन्स नाकारलंत, असं कोर्टाला सांगितलं गेलं.'

'कोणी सांगितलं?'

बेलिफांनी खडू उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

'मी.'

ती इतक्या जोरात लिहू लागली की खडूचे दोन तुकडे झाले. 'दारावर काही नव्हतं. एकवीस वर्षं इथे राहते. कुणाचा कागद कधी नाकारला नाही!'

बेलिफांनी स्टूल ओढलं, वॉरंट पालथं घातलं आणि त्याच्या पाठीमागे अहवाल लिहायला घेतला. ताबा घेतला नाही. आपला नकाराचा शेरा चुकीचा. बाईंना ऐकू येत नाही, दाराला दिव्याचं बटण आहे; कारभाऱ्यास ठाऊक असून त्याने ते लपवले.

"म्हातारपणी अवदसा आठवली का?" खांद्यावरून वाचत कारभारी ओरडला. "स्वतःच्याच सहीवर शाई ओतताय! नोकरी जाईल, पेन्शन अडकेल!"

"चूक माझी, ती लिहिली. लबाडी तुझी, तीही लिहिली. आता धमकी दिलीस, तर तिलाही जागा आहे कागदावर."

कुलूपवाल्याने हातोडी पिशवीत टाकली. "पंचाची सही लागते ना, काका? कुठे करू? मी सगळं ऐकलंय." समोरच्या खोलीत राहणारी नर्स आरडाओरडा ऐकून दारात आली होती, तिनेही सही केली. कारभारी पाय आपटत जिना उतरला.

बेलिफ पुन्हा टेबलाकडे वळले. 'सोमवारी कोर्टात या. निकाल रद्द करायचा अर्ज द्या. या अहवालाची नक्कल जोडा.'

बाईने मान हलवली. मग थोडा विचार करून लिहिलं, 'तिथे नाव पुकारतात. मला कसं कळणार?'

एकतीस वर्षं बेलिफांनी ती पुकारणी ऐकली होती. तीनदा नाव घ्यायचं, कोणी उठलं नाही की 'गैरहजर' लिहायचं. बाकावर बसलेल्याला ऐकू येतं का, हे आजवर त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं.

'मी शेजारी बसेन,' त्यांनी लिहिलं. 'पुकारलं की खांद्याला हात लावेन.'

तिने ते वाचलं. शाळेचे गणवेश दुपारपर्यंत द्यायचे होते, टेबल मोकळं करायला हवं होतं. तिने ओलं फडकं घेतलं. एकतर्फी, वॉरंट, ताबा, समन्स, सगळं पुसून काढलं. शेवटच्या ओळीपाशी हात थांबला. ती तेवढी राहू देऊन तिने उरलेल्या टेबलावर कापड पसरलं आणि कात्री उचलली.