मंतरलेली दांडी

१९६४ साली, थंडी सरता सरता, एका सकाळी घड्याळजींच्या परसात एवढी गर्दी लोटली की कुंपणाची फळीच निखळली. माणसं टाकीवर चढली होती, शेजारच्या जिन्यात दाटीवाटीने उभी होती, आणि सगळ्यांचे डोळे खुराड्याच्या दाराकडे लागले होते. दारात तुरेबाबा उभे होते. टोपीत कोंबड्यांच्या शेपटीची लांब पिसं खोवलेली, म्हणून ते तुरेबाबा. खरं नाव कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी खरं मिळालं नसतं.

आदल्या संध्याकाळी बाबांनी खुराड्यातल्या दांडीला, म्हणजे कोंबड्या रात्री जिच्यावर ओळीने बसतात त्या आडव्या लाकडाला, एक पांढरंशुभ्र फडकं गुंडाळलं होतं. कोंबड्यांना आत हाकलून, दाराला कुलूप लावून किल्ली पोस्टमनच्या हवाली केली होती. आता सगळ्यांदेखत कुलूप उघडलं. बाबा वाकून आत गेले आणि फडक्याचं एक टोक चिमटीत धरून, हात अंगापासून लांब ठेवून बाहेर आले.

फडक्यावर लाल डाग होते. गोवर उठावा तसे.

"रक्त!" पोस्टमन ओरडला.

"रक्तच," बाबा डोळे मिटून म्हणाले. "कुलूप होतं, तरी आला. दिवसा लपतो, रात्री पितो. तहानलेला आत्मा आहे! ज्याने या कोंबड्या पोटच्या पोरांसारख्या वाढवल्या, तोच परत आलाय. जीव अडकलाय त्याचा."

घड्याळजींच्या आई, म्हणजे सासूबाई, मटकन खाली बसल्या. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या सुनेला, जिला सगळी गल्ली वहिनी म्हणायची, भीती वाटली नाही. तिला राग आला. जाऊन वर्षही न झालेल्या मामंजींना हा माणूस भर परसात पिशाच्च म्हणत होता आणि लोक माना डोलवत होते.

त्या गल्लीत घरटी एक खुराडं होतं, आणि खुराड्यात अस्सल वाणाच्या कोंबड्या. पोटाचा धंदा वेगळा, पण जीव सगळ्यांचा कोंबड्यांत. मामंजींचा वाण काळा होता. नुसता काळा नव्हे. उन्हात पंखावर भुंग्याच्या पाठीसारखी हिरवी झाक उठायची. एक पांढरं पीस निघालं की पक्षी कितीही लाडका असो, पैदाशीतून बाद. "कोंबडा रूपावर भाळून निवडू नये, वहिनी," ते म्हणायचे. तेही तिला वहिनीच म्हणत. "त्याच्या आईची अंडी बघावी, बापाचे पाय बघावे. जावई निवडताना बघतो त्यापेक्षा जास्त बघावं."

मामंजींच्या मागे त्या वाणाचा एकच नर उरला होता. त्याचं नाव सुभेदार. वसंतात त्याच्याखाली नवी पिढी काढायची होती.

आणि नेमका खुराड्याला रोग लागला. तुरे धुतलेल्या चिंधीसारखे फिके पडले. अंडी थांबली. संध्याकाळी कोंबड्या दारापर्यंत येत, आत डोकावत आणि मागे फिरत. सुभेदार तर न्हाणीघराच्या छपरावर बसून रात्र काढू लागला. गल्लीत आणखी बऱ्याच घरी हेच.

तेव्हा तुरेबाबा धावून आले. बाबा आधीपासून ओळखीचेच होते. पानगळीच्या दिवसांत त्यांनी घरोघरी एकेक मंतरलेली दांडी वाटली होती, कळपाची भरभराट व्हावी म्हणून. तीही फुकट! फुकटच्या वस्तूची पारख कोण करतो? सासूबाईंनी ती पैदाशीच्या खुराड्यात मधोमध बसवली होती.

"उपाय?" सासूबाईंनी रडत विचारलं.

"आत्मा कोंबड्यात शिरलाय. कोंबडा आणि त्याच्या चार उत्तम माद्या माझ्या मुक्कामी पाठवा. मी त्यांना मुक्ती देईन. रविवारी येतो."

"उत्तमच कशाला?" वहिनी म्हणाली. "आत्म्याला खुडूक कोंबडी चालत नाही?"

"सूनबाईंची जीभ तिखट आहे," बाबा हसले. "आत्म्याला तिखट आवडत नाही."

गर्दी हसली. गर्दीला हसायला काय लागतं!

दुपारी घरात वाद झाला. "माझ्या माणसाचा जीव तळमळतोय आणि तुला कोंबड्याची पडलीय!" सासूबाई म्हणाल्या. वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. घड्याळजींनी डोळ्यातलं भिंगही न काढता एक बारीक चाक चिमट्याने उचललं. "आईच्या जिवाला घोर नको," ते चाकालाच म्हणाले.

वहिनी चप्पल घालून बाहेर पडली आणि कोपऱ्यावरच्या पाववाल्या काकूंकडे गेली.

"काकू, तुमच्याकडे आलं का हो पिशाच्च?"

"माझ्याकडे? पहाटेपासून भट्टीपुढे मी अशी दिसते, की तेच घाबरून पळेल."

"आणि कोंबड्या?"

"ठणठणीत. का गं?"

"बाबांची दांडी कुठे बसवलीत?"

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. "कुणाला सांगू नकोस हं. सरपण ओलं होतं त्या दिवशी. भट्टीत घातली."

मग वहिनी चांभाराकडे गेली. त्याने दांडीच्या खुंट्या केल्या होत्या, त्याच्याकडेही पिशाच्च नव्हतं. पोस्टमनने मात्र दांडी मान वाकवून बसवली होती. त्याचं खुराडं पछाडलं आणि त्याचा देखणा तांबडा कोंबडा 'मुक्तीला' गेलाही होता. ज्याने ज्याने भक्ती केली, त्याच्याच घरी रक्त! हे कसलं पिशाच्च, जे पाखंड्याच्या दाराला हात लावत नाही आणि भक्ताला सोडत नाही?

परत येताना तिची नजर ओट्यावरच्या मोठ्या किटलीवर गेली, आणि तिला मामंजी आठवले. दर महिन्याला ते खुराड्यातल्या सगळ्या दांड्या बाहेर काढून उकळतं पाणी ओतायचे. "लाकडालाही आंघोळ लागते," म्हणायचे. का, ते तिने कधी विचारलं नव्हतं. ते गेल्यावर एकदा ती किटली घेऊन निघाली, तेव्हा सासूबाईंनी हात धरला होता: "मंतरलेल्या दांडीवर उकळतं पाणी? पाप लागेल!" पापाच्या धाकाने तेव्हापासून पूर्ण खुराड्याची आंघोळ बंद होती. गल्लीत जिथे जिथे दांडी पुजली गेली, तिथे तिथे हेच झालं होतं.

तिने दांडी काढली, जुन्या चादरीत घट्ट गुंडाळली आणि थेट नवऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"लाकडातली ही फट उघडून द्या."

"अगं, आई—"

"आई झोपल्यात. उघडा."

घड्याळजींनी पातळ पेचकस फटीत घालून फिरवला. खालच्या पांढऱ्या कागदावर करडी भुकटी पडली. त्यांनी सवयीने फुंकर मारायला गाल फुगवले, आणि भुकटी चालू लागली.

"अगं, हे चालतंय!" आयुष्यात कधी आवाज न चढवलेला माणूस ओरडला.

भिंगातून स्पष्ट दिसत होतं. गोचिडाचं धाकटं भावंड शोभावं असे किडे, मोहरीहून बारीक, आठ पायांचे. उपाशी ते करडे, पण आदल्या रात्री पोटभर प्यालेले काही लालभडक फुगले होते. वहिनीने एकावर नख दाबलं. कागदावर लाल ठिपका उठला, अगदी फडक्यावर होता तसाच. दिवसा लाकडाच्या फटीत झोपायचं आणि रात्री कोंबड्यांच्या अंगावर चढायचं. पिऊन उतरताना कोंबड्यांच्या पायांखाली, फडक्याच्या घड्यांत चिरडले, की झाले डाग. बाबांनी सांगितलेलं सगळं खरं होतं, फक्त आत्मा सोडून.

दांडी पुन्हा चादरीत बांधली गेली आणि रविवारपर्यंत उपाशी राहिली.

रविवारी गर्दी दुप्पट. बाबांची झाकलेली गाडी कोपऱ्यावर उभी. वहिनी हात जोडून पुढे आली.

"बाबा, कोंबडा देते. पण त्याआधी आत्म्याला दोन शब्द सांगा. ही तुमचीच दांडी. मांडीवर घ्या, वरून तुमची ती रुंद कफनी पांघरा आणि मंत्र म्हणा."

बाबा एक पाऊल मागे सरले. "ती… ती खालीच असू दे."

"मंतरलेली आहे ना?"

"आहे, पण—"

"तुमच्याच हातची ना?"

"बाबांना कसली आलीय भीती!" सासूबाई भोळ्या भक्तीने म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतःच दांडी चादरीतून सोडवून बाबांच्या मांडीवर ठेवली. कफनीही नीट पांघरली.

बाबांनी मंत्र सुरू केला. नेहमीपेक्षा भरभर. थोड्या वेळाने त्यांचा हात मानेकडे गेला. मग काखेत. मग मंत्र थांबला आणि दोन्ही हात कामाला लागले.

"खाई त्याला खवखवे!" पाववाल्या काकू जिन्यातून म्हणाल्या.

वहिनीने पाट मांडला. त्यावर पांढरा कागद, कागदावर फटीतली भुकटी, शेजारी भिंग. "या, रांगेने बघा. हे आपलं पिशाच्च. आठ पाय आहेत, पंख नाहीत, कुलूप उघडायची गरज नाही. किडलेल्या लाकडातून आपणच ते घरात आणलं आणि पाप लागेल म्हणून धुतलंही नाही."

पोस्टमनने भिंगातून बराच वेळ पाहिलं. मान वर करून त्याने विचारलं, "मग माझा कोंबडा?"

"मुक्त झाला," बाबा खाजवत म्हणाले.

तेवढ्यात न्हाणीघराच्या छपरावरून सुभेदार आरवला. आणि कोपऱ्यावरच्या झाकलेल्या गाडीतून त्याला खणखणीत उत्तर आलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे गल्लीने लहानपणापासून ऐकलं होतं. त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. गाडीवरचं कापड ओढलं तर पिंजऱ्यांत 'मुक्तीला' गेलेले गल्लीतले झाडून सगळे उत्तम कोंबडे, दूरच्या बाजारी विकायला निघालेले. पोस्टमनच्या तांबड्याच्या पायात त्याने घातलेलं वाळं तसंच होतं. दांड्या कुठून आणल्या, तेही मग बाबांनी घाईघाईने सांगून टाकलं: एका ओस पडलेल्या कोंबडीघरातून, जिथले पक्षी याच किड्यांनी मेले होते.

सासूबाई अजून भिंगापाशीच होत्या. त्या सावकाश उठल्या.

"हे रक्त पीत होतं," त्या म्हणाल्या. "आणि तू माझ्या माणसाचं नाव घेतलंस."

त्या आत गेल्या आणि वाफाळती किटली घेऊन बाहेर आल्या. बाबांनी दांडी टाकून जी धूम ठोकली, ती टोपी तिथेच सोडून. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी पाणी दांडीवर ओतलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, नवरा ओतायचा तसं.

तुरेबाबा पुढे दूरच्या एका शहरात टकलावर केस उगवण्याचं तेल विकताना दिसले म्हणतात; स्वतःच्या डोक्यावर मात्र पिसं होती. पोस्टमनने एक भिंग विकत घेतलं आणि मरेपर्यंत खिशात बाळगलं. पाववाल्या काकूंनी ही गोष्ट पावाबरोबर इतक्यांदा विकली, की शेवटी दांडी त्यांनी ओळखूनच जाळली होती असं ठरलं. घड्याळजी म्हातारपणी दिसेनासं होईपर्यंत घड्याळं दुरुस्त करत राहिले. सासूबाईंनी सुनेची माफी कधी मागितली नाही, पण दर महिन्याची किटली मरेपर्यंत स्वतः उचलली. पाणी ओतून झालं की हळूच म्हणायच्या, "झालं हो."

सुभेदाराच्या वाणाची पिल्लं आज कितव्या पिढीत आहेत, हे वहिनीलाच ठाऊक. हिरवी झाक अजून आहे.

चमत्काराशिवाय नमस्कार नाही, असं आपल्याकडे म्हणतात. तर मग चमत्कारही पारखून घ्यावा. हात जोडण्याआधी त्याच हातांनी फट उघडून बघावी. आत देव असेल तर तो रागावणार नाही, आणि किडा असेल तर पाणी उकळत ठेवावं.