बंद फट

वर्णपट, म्हणजे उजेडाचे सुटे केलेले रंग, जे यंत्र डोळ्यांना दाखवतं तो दर्शक, उतरवून ठेवतो तो लेखक आणि आकड्यांत मोजतो तो मापक. प्रयोगशाळेतल्या मास्तरांइतकं सोपं करून हे कुणी सांगत नसे. "दर्शकाला डोळा लागतो, बाकी दोघांचं डोळ्यावाचून अडत नाही," असं ते मुलांना सांगत. त्यांचे स्वतःचे डोळे विझत चालले होते, हे फक्त बायकोला ठाऊक होतं. दिव्याचा उजेड कळे, वर्णपटातल्या बारीक रेघा दिसत नसत.

त्यावर त्यांनी तोड काढली होती. दर्शकाच्या तबकडीवर जिथे जिथे रेघ सापडते तिथे बोटाला लागेल असा ओरखडा मारून ठेवला होता. दुर्बीण ओरखड्याशी आणायची, डोळा लावायचा आणि ठोकून द्यायचं. नोकरी त्या ओरखड्यांवर तगून होती.

विभागप्रमुख बायकोचा सख्खा भाऊ. लेखकयंत्र त्याने आपल्या खोलीत कुलपात ठेवलेलं. डोळ्यावाचून चालणारं म्हणून मास्तरांनी ते त्याच्याकडे मागितलं होतं. त्याने हसून टाळलं. गोड हसायचा मेला.

सोमवारी तो मुलांसमोर येऊन उभा राहिला. "जावईबापू, आज आम्हालाही शिकवा. सोडियमच्या रेघा दाखवा."

दिवा पेटलेला होता. मास्तरांनी अंगठ्याने ओरखडा चाचपला, दुर्बीण आणली, डोळा लावला. "ह्या बघा. पिवळ्या, अगदी शेजारी शेजारी."

"छान. तू बघ गं," तो पुढच्या मुलीला म्हणाला.

तिने पाहिलं. मग मास्तरांकडे पाहिलं. "हो सर. पिवळ्या आहेत."

"असं? मग तूही डोळे तपासून घे." त्याने यंत्राच्या तोंडाशी बोट ठेवलं. "उजेड जायची ही फट मी सकाळीच बंद केलीय. आत मिट्ट काळोख आहे."

मुलं हसली. कुणी आपटलं की मुलांना हसू येतंच, त्यात नवल नाही. ती मुलगी तेवढी खाली मान घालून रडत होती.

"प्राचार्यांशी बोलणं झालंय," तो मास्तरांना म्हणाला. "उद्यापासून येऊ नका."

मास्तर घरी पोचले तेव्हा बायको इस्त्री करत होती. तिला सगळं आधीच कळलं होतं.

"दादाला मीच सांगितलं," ती म्हणाली. "कधीतरी बाहेर पडणारच होतं. माझीही पदवी त्याच विषयातली. जागा मला मिळेल म्हणतोय, म्हणजे घरातल्या घरात राहील."

मास्तरांनी चपला काढून भिंतीशी लावल्या.

"मुलाखतीत दर्शक, लेखक, मापक यांतला फरक विचारणार आहेत," ती म्हणाली. "तुम्ही सोपं करून सांगता ना, तसं मला सांगा."

मास्तरांनी खुर्ची चाचपली आणि बसले. "दर्शकाला," ते म्हणाले, "डोळा लागतो."

"जरा सावकाश," इस्त्री बाजूला ठेवत ती म्हणाली. "मला पाठ करायचंय."