मैदानाचा शब्द माझ्यापाशी होता

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, दोन मोठ्या चकत्यांचा. मित्रांनो, मला पाहून तुम्ही हसाल, "हा कुठला स्टोव्ह?" असंही विचाराल. पण एके काळी इंदूरच्या एका सरकारी कार्यालयात माझ्याशिवाय जनसुनावणी सुरू होत नसे. लोक गाऱ्हाणी मांडत, साहेब उत्तरं देत आणि मी सगळं फितीवर उतरवून घेत असे.

वासुदेवराव मला सांभाळत. ज्या रबरी चाकाला धरून फीत पुढे सरकते, ते चाक ते प्रत्येक सुनावणीआधी मऊ फडक्याने पुसत. मध्ये कोणी बोलायला आलं तर चक्क पाठ फिरवत. मला त्याचा भारी तोरा होता!

पुढे वासुदेवराव निवृत्त झाले, कॉम्प्युटर आले आणि माझी रवानगी रेकॉर्ड रूमच्या फळीवर झाली. फिती शेजारीच होत्या, पण त्यांची नक्कल नव्या यंत्रात उतरवावी हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. मात्र दर दसऱ्याला रेकॉर्ड रूम सांभाळणारे परेशबाबू न चुकता येत. हार घालत, अक्षता टाकत आणि ओलं कुंकू लावत. कुठे? नेमकं त्या रबरी चाकावर! माणूस मनाचा चांगला, राग तरी कसा धरणार?

गेल्या वर्षी निवृत्त शिक्षिका यशोधराबाई आल्या. त्यांच्या वसाहतीतल्या मैदानावर दुकानं उभी राहणार होती. ते मुलांसाठीच राहील, असा शब्द साहेबांनी फार पूर्वी सुनावणीत दिला, तेव्हा बाई तिथे हजर होत्या. कागद गहाळ झाले होते, उरली होती ती फीत. माहितीच्या अधिकारात अर्ज करून, हेलपाटे घालून त्यांनी ती ऐकायची परवानगी मिळवली होती.

"चालेल ना हो हा?" त्यांनी विचारलं.

"मॅडमजी, टेन्शनच नका घेऊ. दर दसऱ्याला पूजा करतो न मी याची, एकदम चकाचक आहे," परेशबाबू म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

खरखर झाली. कित्येक वर्षांनी मला कंठ फुटला. "मैदान के बारे में हमारा फैसला ये है कि..."

तेवढ्यात फीत त्या चिकट चाकाला चिकटली, गुंडाळली गेली, अक्षतांत अडकली. मला थांबायचं होतं, पण बटण काही माझ्या हातात नसतं. जुनी फीत पापडासारखी चुरली.

"अरे भिया, ये क्या हो गया!" परेशबाबूंचा चेहरा पडला.

"पुढचंच वाक्य होतं हो," यशोधराबाई म्हणाल्या. "मी ऐकलंय ते, या कानांनी." पण त्यांच्या ऐकण्याला सरकारदरबारी किंमत नव्हती. आता मैदानाला पत्र्याचं कुंपण पडलं आहे. फार वाईट वाटतं, मित्रांनो.

यंदाच्या दसऱ्याला परेशबाबू आले. बोट कुंकवात बुडवता बुडवता थांबले. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी ते चाक पुसलं, अगदी वासुदेवरावांसारखं. चाक स्वच्छ झालं, पण मैदानाचा शब्द आता त्यावरून कधीच फिरणार नाही.

शेजारच्या फिती मात्र अजून शाबूत आहेत. त्यांत कोणाकोणाला दिलेले शब्द आहेत. मोठ्यांना सांगा, आधी त्यांच्या नकला काढून ठेवा. माझी पूजा मागाहून केली तरी चालेल.