डोळ्यावर आलेला बोल

मरोळच्या त्या कारखान्यात क्रेनचे हूक घडवतात. भट्टीतली सळई पुरती तापली की नाही, हे एकतीस वर्षं श्यामकांतच सांगायचा, तेही नुसत्या डोळ्याने. मीटर-बिटर काही नाही. पिकल्या हापूसचा रंग आला की म्हणायचा, "काढा!" मग घणाखाली पोलाद निमूट वळायचं.

दिवाळीनंतर भंगारातून केलेली स्वस्तातली सळई आली आणि वाट लागली. दहातले चार हूक वळताना फाटायचे. मालाची चौकशी करायची सोडून नंदकिशोरशेठ म्हणाला, "मामा, जास्त तापवताय. डोळे गेले तुमचे." श्यामकांतने मुकाट्याने ताप उतरवला, तर सहा फाटायला लागले! रोज तेच ऐकून माणूस थकतो हो. शेवटी त्यालाही वाटलं, आपलंच चुकतंय. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, पण घाई नाही. याला मात्र भट्टी सोडायची नव्हती. त्याने दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं.

तो घरी असताना दुसरा माणूस भट्टीवर होता. त्याचेही हूक फाटले, तेव्हा कुठे शेठने तुकडे तपासायला पाठवले. श्यामकांत कामावर परतला त्याच दिवशी प्रयोगशाळेतली इरावती अहवाल घेऊन आली.

"काका, तुमचा काहीच दोष नव्हता. भंगारातल्या मोटारींच्या तारांचं तांबं पोलादात उतरलंय. जेमतेम अर्धा टक्का, वर थोडं कथील. भट्टीत वरचं लोखंड जळून पापुद्रा होतो, पण तांबं जळत नाही. ते वितळून पोलादाच्या कणाकणांमध्ये शिरतं, आणि घण बसला की पोलाद फाटतं. तुमचा आधीचा तापच बरा होता, त्यात थोडं तांबं निदान आत मुरून जायचं. उतरवलात आणि तांब्याला आयतं रान मिळालं."

शेठ ओशाळला. "चुकलो, मामा. आज चांगली सळई टाकलीय. या, तुम्हीच सांगा."

श्यामकांत भट्टीसमोर उभा राहिला. आत नुसता पांढरट, झगझगीत उजेड. हापूस कुठेच नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, डोळ्यातला पिवळेपणा गेला, आता रंग स्वच्छ दिसतील. जळो तो स्वच्छपणा! त्याने डोळे चोळले, पुन्हा पाहिलं.

"काढायची का, मामा?" शेठने विचारलं.

श्यामकांतला रडू आवरेना.

"माका कळना नाय, शेठ," तो म्हणाला. "मीटर मागवा."