पेंढ्याचे पप्पा

शर्मिष्ठाचे सासरे शिवदास साळवे चर्चचे वडीलधारे होते, आणि नाताळाच्या बाबतीत फार कडक. घरात तारा लावलेला चाले, केक चाले. पण लाल टोपीवाल्या सांताचं नाव काढायचं नाही, आणि ओल्ड मॅनचं तर मुळीच नाही. बोरिवलीच्या त्यांच्या वसाहतीत दर वर्षी पोरं पेंढा भरून म्हातारा करत, गेटपाशी खुर्चीवर बसवत आणि एकतीस तारखेला जाळत. सरतं वर्ष जळालं म्हणत नाचत. "देवाच्या लेकरांनी पुतळे जाळायचे नसतात," असं म्हणून पप्पा खिडकी लावून घेत. त्यांचा मुलगा, शर्मिष्ठाचा नवरा सुबोध, लहानपणी त्या खिडकीच्या फटीतूनच सगळं बघत मोठा झाला होता.

पप्पा ऑगस्टमध्ये गेले. त्याआधी वर्षभर अर्धांगवायूने डावी बाजू गेलेली. त्यांना उठवणं, बसवणं, सगळं शर्मिष्ठानेच केलं.

डिसेंबरात आठ वर्षांच्या प्रांजलने विचारलं, "मम्मी, या वर्षी मी ओल्ड मॅन करायला जाऊ? आता कोण नाही म्हणणार?"

शर्मिष्ठाला ते ऐकून कसंसंच झालं. पण पोरीला प्रत्येक गोष्टीला नाही म्हणत वाढवलं, तर उद्या तिला देवही नाही म्हणणाराच वाटेल, असं तिच्या मनात कधीपासून होतं. तिने कपाट उघडलं आणि पप्पांचा करडा कोट काढून दिला.

संध्याकाळी सुबोधने गेटपाशी तो कोट पाहिला आणि तडक वर आला. "पप्पांचा कोट? जाळायला दिलास?"

"कपाटात ठेवून काय करणार होतास रे? दार तरी उघडत होतास का?"



म्हातारा झकास झाला होता. कागदी मुखवटा, हातमोजे, पेंढा भरलेले मोजे. पण दुसऱ्या दिवशी तो डावीकडे कलला. पोरांनी सरळ केला. तो पुन्हा डावीकडे. तळमजल्यावरच्या एस्मी आंटीने पाठीला काठी बांधली, तरी संध्याकाळपर्यंत डावा खांदा खाली आलाच. शर्मिष्ठा दूध आणायला निघाली होती. तिने जाता जाता त्याच्या डाव्या कुशीत छोटी उशी सरकवली. चार पावलं पुढे गेल्यावर ती थबकली. ती उशी तिने घरातून आणली कधी? उशी पप्पांची होती.

प्रांजल शाळेच्या सुट्टीत दिवसभर त्याच्याजवळ बसू लागली. बाकीची पोरं क्रिकेट खेळायला मागच्या बाजूला गेली.

"इथे का नाही खेळत?" शर्मिष्ठाने विचारलं.

"त्यांना तो आवडत नाही. तो बघतो म्हणतात," प्रांजल म्हणाली. "बघू दे ना. त्यांना बघायला आवडतं."

"त्यांना कोणाला गं?"

 प्रांजल त्याच्या हातमोज्यावरची मुंगी काढत होती.

एकतीस तारखेला दिवेलागणीला मागच्या मोकळ्या जागेत लाकडं रचली. मोठी पोरं म्हाताऱ्याला उचलायला गेली आणि खुर्चीवरच ओणवी झाली. तो हलेना. वॉचमन आला, सुबोध आला. दोघांनी काखेत हात घातले.

"आत दगड भरलेत का काय?" सुबोध घामाघूम झाला.

"पेंढाच हाय, माझ्या हातांनी भरलाय," एस्मी आंटी म्हणाली आणि तिने हळूच छातीवर क्रुसाची खूण केली.

पोरं मागे सरली. शर्मिष्ठाला मात्र ते वजन ओळखीचं होतं. दिवसातून कितीदा तरी तिने ते पेललं होतं. ती पुढे झाली, वाकली, त्याचा उजवा हातमोजा आपल्या खांद्यावर घेतला, कमरेला विळखा घातला आणि त्याच्या गुडघ्याला आपला गुडघा टेकवला.

"चला पप्पा," ती रोजच्यासारखं म्हणाली, "उठा."

तो उठला. पेंढ्याचा मोजा जमिनीवर टेकला, दबला, आणि त्याने भार घेतला.

 प्रांजल तेवढी म्हणाली, "मम्मी, हळू. त्यांचा डावा पाय."

शर्मिष्ठा त्याला चालवत लाकडांपर्यंत घेऊन गेली. त्याला सोडायचं धाडस तिला होईना. चितेसारख्या त्या ढिगापाशी तो थांबला. थांबला म्हणजे तिच्याच्याने पुढे नेववेना. खांद्यावरचा हातमोजा घट्ट झाला. पप्पांना बसायचं असलं की ते असंच दाबत.

"जळायचं नाही ना?" तिने कानापाशी विचारलं. "मग?"

हातमोज्याने पुन्हा खांदा दाबला. तिने त्याला बाजूच्या कट्ट्यावर बसवलं, लाकडांकडे तोंड करून.

"इथून छान दिसेल," प्रांजल म्हणाली.

 मग सुबोधने अंगातला शर्ट काढला. थंडीत, बनियनवर, त्याने उरलेला पेंढा गोळा करून शर्टात कोंबायला सुरुवात केली.  मग पोरं मदतीला आली, कोणीतरी चड्डी आणली, कोणी फुटका फुटबॉल डोकं म्हणून दिला, आणि सुबोध हसायला लागला. शर्मिष्ठाने त्याला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. तो दुसरा म्हातारा त्यानेच पेटवला. पोरं नाचली, प्रांजल नाचली. कट्ट्यावरचा मुखवटा ज्वाळांत लाल दिसत होता. त्याच्याकडे पाठ करून मात्र कोणी नाचलं नाही.

आग विझल्यावर शर्मिष्ठा त्याला उचलायला गेली. तो एका हातात आला, पाचोळ्यासारखा हलका. कोटाच्या बाहीतून पेंढा भुरभुर गळत होता. मग घरच्यांनी अंघोळी केल्या आणि वर्षअखेरच्या उपासनेला गेले. प्रार्थनेत शर्मिष्ठाला शब्दच सापडेनात. ती नुसती डोळे मिटून बसली.

पुढे चर्चचे पाळक एकदा घरी आले, तेव्हा तिने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चहा संपेपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "पोरांना जाळू द्या. पण आधी कोणाला बसवलंय, ते बघून घ्या."

आता त्या वसाहतीत दर वर्षी दोन म्हातारे होतात. एक जाळायचा आणि एक कट्ट्यावर बसवायचा. नवीन आलेल्या बिऱ्हाडांना हे का, ते ठाऊक नाही, आणि पोरंही विचारत नाहीत.

बसवायच्या म्हाताऱ्याला शर्मिष्ठा हात लावत नाही. एस्मी आंटी तो भरते, आणि भरून झाला की आधी उचलून बघते.